बारावी, नीट आणि कागदपत्रं : पुण्यातून एमबीबीएसच्या प्रवेशाची तयारी

२०२५ साली सुमारे २२ लाख मुलांनी नीट दिली. त्यातली १२ लाखांहून जास्त मुलं ‘पात्र’ ठरली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आसपास. खुल्या गटाची पात्रतेची रेषा त्या वर्षी ७२०पैकी १४४ गुणांवर होती. तेव्हा ‘मुलगी क्वालिफाय झाली’ एवढ्यावर पेढे वाटायची घाई नको. प्रवेश मिळतो तो गुणवत्ता यादीतल्या क्रमांकावर, आणि तो क्रमांक वापरता येतो हातात योग्य कागद असतील तरच. अभ्यासाकडे सगळं घर लक्ष देतं. कागदांची आठवण होते जूनमध्ये, आणि तेव्हा तहसील कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून या लेखात दोन्हींबद्दल सारख्याच गांभीर्याने लिहिलं आहे.

आधी पात्रता, कारण इथली चूक नंतर सुधारत नाही

प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. वरची मर्यादा नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी हे विषय उत्तीर्ण हवेत. पीसीबीची बेरीज खुल्या गटाला ५० टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के लागते. राज्य मंडळाच्या हिशेबात हे ३००पैकी अनुक्रमे १५० आणि १२० गुण. प्रत्येक विषयात ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते, म्हणून ही अट फारशी जड नाही. पण ‘बोर्डाचं काय, नुसतं पास व्हायचंय’ म्हणत वर्षभर कॉलेजचं तोंड न पाहणाऱ्यांची भौतिकशास्त्राच्या लेखी परीक्षेत भंबेरी उडते. नीटला चांगले गुण आणि बारावीला पीसीबी १४६, असं झालं तर त्या वर्षीचा प्रवेश गेला.

बारावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्यांसाठी दार पूर्ण बंद नाही. जीवशास्त्र नंतर अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालं तर ते चालतं, असा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३मध्ये घेतला.

आता सर्वात महागडी चूक. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून उत्तीर्ण असाव्या लागतात. मूल अकरावीला राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवलं आणि प्रवेशही तिथल्याच शाळेत घेतला, तर मुलाचे आईवडील पिढीजात कसब्यातले असले तरी राज्य कोटा हातचा जातो. केंद्र सरकारी किंवा लष्करी नोकरीत असलेल्यांच्या मुलांना काही सवलती आहेत, त्या माहितीपुस्तिकेत नीट वाचाव्यात. बाकीच्यांनी बाहेर शिकवायचंच असेल तर अकरावीचा अर्ज भरण्याआधी हा हिशेब मांडावा.

बोर्डाचं पुस्तक आणि एनसीईआरटी

नीटचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या धाटणीचा असतो. बालभारतीची पुस्तकं वाईट नाहीत, पण त्यांतली मांडणी वेगळी आहे, आणि नेमका इथेच राज्य मंडळाचा विद्यार्थी गोंधळतो. वर्तुळाकार व घूर्णन गती, द्रायूंचे गुणधर्म, उष्मागतिकी, दोलने हे सगळं आपल्याकडे बारावीला येतं आणि एनसीईआरटीत अकरावीला. उलट किरण प्रकाशिकी आपल्याकडे अकरावीत, तिथे बारावीत. जीवशास्त्रात श्वसन-अभिसरण आणि नियंत्रण-समन्वय आपल्याकडे बारावीला, तिथे अकरावीला. अखिल भारतीय टेस्ट सिरीज ‘अकरावीचा पूर्ण अभ्यासक्रम’ म्हणून पेपर काढते तेव्हा आपल्या मुलाला त्यातली तीन-चार प्रकरणं कॉलेजात शिकवलेलीच नसतात. गुण पडतात, आणि घरात उगाच धसका बसतो. टेस्ट सिरीज घेताना तिचं वेळापत्रक बालभारतीच्या अनुक्रमणिकेशेजारी ठेवून बघा.

दुसरा फरक गाळलेल्या भागाचा. २०२४च्या नीटपासून अभ्यासक्रम कमी झाला. स्थायू अवस्था, बहुवारिके, वनस्पतींतील जलवहन, खनिज पोषण, पचन व शोषण असे भाग नीटमधून गेले. राज्य मंडळाच्या बारावीत मात्र स्थायू अवस्था पहिलंच प्रकरण आहे आणि वनस्पती-जल संबंधही आहे. म्हणजे ते शिकायचं, पण बोर्डापुरतं. नीटच्या यादीत वाढलेलं म्हणजे भौतिकशास्त्रातलं प्रायोगिक कौशल्य आणि रसायनशास्त्रातलं प्रात्यक्षिकांचं तत्त्व. व्हर्निअर कॅलिपर, स्क्रू गेज, मीटर सेतू, अनुमापन यांवर थेट प्रश्न येऊ शकतात. जर्नल दुसऱ्याचं उतरवून काढणाऱ्याला शून्य त्रुटी मिळवायची की वजा करायची हे पेपरात आठवत नाही.

पहिलं काम म्हणून अधिकृत अभ्यासक्रमाची प्रत छापा आणि प्रत्येक घटकासमोर तीन खुणा करा: बोर्ड आणि नीट दोन्ही, फक्त बोर्ड, फक्त नीट. अर्ध्या दिवसाचं काम आहे. हा कागद भिंतीवर लावला की ‘काय वाचू?’ हा रोजचा प्रश्न संपतो.

जीवशास्त्राला १८०पैकी ९० प्रश्न, म्हणजे निम्मा पेपर. त्यासाठी एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ, आकृत्यांखालच्या मजकुरासकट आणि तक्त्यांसकट वाचावं लागतं. हृदयाचं प्रकरण घ्या. एका ठोक्याला सुमारे ७० मिली रक्त, मिनिटाला सरासरी ७२ ठोके, म्हणून मिनिटाला साधारण ५ लिटर. ईसीजीत पी लहर आलिंदांच्या विध्रुवीकरणाची, क्यूआरएस निलयांच्या विध्रुवीकरणाची, टी लहर निलयांच्या पुनर्ध्रुवीकरणाची. प्रश्न येतो ‘खालीलपैकी अयोग्य विधान कोणते?’ असा, आणि चार विधानांपैकी एकात फक्त ‘आलिंद’च्या जागी ‘निलय’ केलेलं असतं. गाईड वाचून ते कळत नाही. मूळ वाक्य डोळ्यांपुढे असलं की कळतं.

माध्यमाबद्दल स्पष्ट सांगायचं तर, नीट १३ भाषांत होते आणि त्यात मराठी आहे. अर्जात निवडलेली भाषा नंतर हवी तशी बदलता येत नाही, आणि अनुवादात शंका निघाली तर इंग्रजी पाठ अंतिम धरतात. अकरावी-बारावी विज्ञान बहुतेकांनी इंग्रजीतूनच केलेलं असतं. अशांनी केवळ मायबोली म्हणून मराठी पेपर निवडला तर ऐन परीक्षेत ‘विध्रुवीकरण’ म्हणजे काय ते आठवत बसावं लागतं. ज्या भाषेत सराव केला त्याच भाषेत पेपर द्यावा.

वर्षाची आखणी

अकरावीत ध्येय एकच: भौतिकशास्त्र आणि भौतिक रसायनशास्त्र कच्चं राहता कामा नये. सदिश, लॉग, साधं कलन आणि मोल संकल्पना पहिल्या दोन महिन्यांत पक्क्या करा. जीवशास्त्र मागाहून ओढून काढता येतं, भौतिकशास्त्र येत नाही.

बारावीत दिवाळीपर्यंत नवा भाग ८० टक्के संपायला हवा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरलेला भाग आणि अकरावीची उजळणी, जानेवारीत प्रात्यक्षिकं, मग फेब्रुवारी-मार्चची लेखी परीक्षा. या दीड-दोन महिन्यांत नीटचा पूर्ण पेपर सोडवण्याचा हट्ट नको. रोज ४५ मिनिटं जीवशास्त्राचे वस्तुनिष्ठ प्रश्न ठेवले की हात सुटत नाही. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की मेच्या पहिल्या रविवारपर्यंत हातात सहा-सात आठवडे उरतात. परीक्षा अलीकडे याच सुमाराला होत आली आहे. खरा निकाल या आठवड्यांत ठरतो, आणि नेमकी तेव्हाच मुलं ‘बोर्ड संपलं’ म्हणून सैल पडतात.

पेपर सोडवण्याचा सराव

२०२५पासून ऐच्छिक प्रश्न गेले. आता १८० प्रश्न, १८० मिनिटं, सगळे अनिवार्य. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. आधीचे २०० प्रश्नांचे आणि २०० मिनिटांचे पेपर सरावाला वापरायचे तर वेळ त्या मानाने कापा.

साधारण वाटणी अशी जमते: जीवशास्त्राचे ९० प्रश्न ४५ मिनिटांत, रसायनशास्त्र ५० मिनिटांत, भौतिकशास्त्र ६५ ते ७० मिनिटांत, आणि उरलेली पंधराएक मिनिटं खुणा करून सोडलेल्या प्रश्नांना. ओएमआर उत्तरपत्रिकेवरचा एक गोल भरायला ४ ते ५ सेकंद लागतात. १८० गोलांचे झाले १२ ते १५ मिनिटं. ते शेवटाला ठेवू नका. प्रश्नपत्रिकेचं एक पान सोडवलं की त्या पानाचे गोल भरा. एकेक प्रश्नामागे भरलं तर नजर सारखी उड्या मारते. सगळं शेवटी भरलं तर एक ओळ सरकते, आणि पुढची वीस उत्तरं सोबत सरकतात. प्रश्न सोडला असेल तर त्याच्या क्रमांकाभोवती प्रश्नपत्रिकेवर मोठं वर्तुळ करा, म्हणजे गोल भरताना ती ओळ रिकामी सोडायची आठवण राहते.

अंदाजाबद्दल घरोघरी ‘येत नसेल तर हात लावू नकोस’ असा उपदेश होतो. गणित थोडं वेगळं सांगतं. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तरी सरासरी पाव गुण मिळतो, म्हणजे फायदा नगण्य. एक पर्याय खात्रीने बाद झाला तर सरासरी सुमारे ०.६७, दोन बाद झाले तर १.५ गुण. तेव्हा दोन पर्याय खरोखर बाद झाले असतील तर उत्तर द्यावं. पण ‘खरोखर’वर जोर आहे. पेपर काढणारा चुकीचे पर्याय तुमच्या नेहमीच्या चुकांवरूनच बनवतो. भिंगाचं नाभीय अंतर २० सेंटिमीटर, शक्ती किती? मीटरमध्ये बदलायचं विसरून १ भागिले २० केलं की ०.०५ येतं, आणि ०.०५ हा पर्याय समोर असतोच. बरोबर उत्तर ५ डायॉप्टर. अशी फसलेली उत्तरं अंदाजापेक्षा जास्त गुण खातात.

म्हणून चुकांची वही ठेवा. प्रत्येक सराव पेपरनंतर चुकलेला आणि सोडलेला प्रश्न चार खान्यांपैकी एकात टाका: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, आकडेमोड किंवा एकक चुकलं, प्रश्न नीट वाचला नाही. शेवटचे दोन खाने फुगले असतील तर आणखी वाचन करून काही होणार नाही. तिथे वेग कमी करून ‘अयोग्य’, ‘वगळता’ असे शब्द अधोरेखित करायची सवय लावावी लागते. पहिला खाना फुगला असेल तर पेपर सोडवणं थांबवा आणि पुस्तकाकडे जा. पेपर तीन तासांचा असेल तर त्याच्या तपासणीला किमान तीन तास द्यायचे. नुसते पेपरवर पेपर सोडवत सुटणाऱ्यांचे गुण एका जागी अडकतात ते यामुळे.

पूर्ण सराव पेपर दुपारी २ ते ५ या वेळेतच द्या, जेवणानंतर, छापील ओएमआर आणि काळं बॉलपेन घेऊन, मनगटावर घड्याळ न बांधता. परीक्षेत घड्याळ चालत नाही, वर्गातलं भिंतीवरचं बघावं लागतं. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. एसी लावून अभ्यासिकेत बसणाऱ्याने यातले निदान तीन-चार पेपर नुसत्या पंख्याखाली द्यावेत.

अर्ज भरताना

अर्ज बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन बोर्डाच्या धांदलीत येतो. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, चेहरा स्पष्ट. पासपोर्ट आकाराच्या दहा-बारा आणि पोस्टकार्ड आकाराच्या चार प्रती एकाच वेळी काढा. प्रवेशपत्राला, परीक्षेला आणि पुढे प्रवेशालाही तोच फोटो लागतो. दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे स्कॅन करून चढवावे लागतात. शाई पुसट असेल तर अर्ज दुरुस्तीला येतो.

नावाचा घोळ महाराष्ट्राचा खास. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी. कुठे ‘व्ही’ आहे तर कुठे ‘डब्ल्यू’. नीटसाठी दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरतात. आधारवरचं स्पेलिंग त्याच्याशी जुळत नसेल तर दुरुस्ती अकरावीच्या सुट्टीतच करून घ्या. दुरुस्तीनंतर मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला आहे ना, तेही बघा. आणि अर्जात मोबाइल, ई-मेल पालकांचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा ई-मेल देऊन नंतर पासवर्डसाठी त्याचे उंबरठे झिजवणारे दर वर्षी असतात.

अर्जात प्रवर्ग भरताना थांबा. नीटच्या अर्जातला ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतला, नॉन-क्रीमी लेअर ओबीसी. महाराष्ट्रातला एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग केंद्रात नाही. राज्याच्या प्रवेशासाठी वेगळी नोंदणी होते आणि राज्याचा प्रवर्ग तिथे सांगायचा असतो.

कागद कोणते, केव्हा

दहावीनंतरच्या सुट्टीत वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र काढा. आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा महा ई-सेवा केंद्रातून अर्ज करता येतो. जातीचा दाखला नसेल तर तोही याच वेळी.

अकरावीत प्रवेश झाला की लगेच जात वैधता. याला सर्वात जास्त वेळ लागतो. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचा अर्ज कॉलेजच्या शिक्क्यासह जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो. अनुसूचित जमातींची समिती वेगळी. वडील, काका, आत्या, सख्खं भावंड यांपैकी कुणाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर काम सोपं होतं. नसेल तर आजोबा-पणजोबांचे शाळेच्या दाखल्याचे उतारे, जन्ममृत्यू नोंदी, महसुली कागद गोळा करावे लागतात, आणि त्यासाठी गावच्या शाळेत, तहसीलला खेपा घालाव्या लागतात. पुण्यात राहणाऱ्या बऱ्याच कुटुंबांचं मूळ गाव दुसऱ्या जिल्ह्यात असतं. दाखला ज्या जिल्ह्यातून निघाला तिथल्या समितीकडे जावं लागतं, हे आधी विचारून घ्या. वैधता नसली की जागा खुल्या प्रवर्गात मोजली जाते. मुदतवाढ काही वर्षी मिळते, पण तिच्या भरवशावर बसू नये.

नॉन-क्रीमी लेअरवरची ‘वैध’ तारीख बघा. प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत ते चालायला हवं. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं. राज्याचं तिथे चालत नाही. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) तसंच, आणि ते चालू आर्थिक वर्षातलं हवं. रिपीटरला वर्ष खंडाचं प्रतिज्ञापत्र लागतं. वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच, नोंदणीकृत डॉक्टरकडून.

परीक्षेचा दिवस

केंद्राचं दार दीडला बंद होतं. त्यानंतर कुणाचीही रदबदली चालत नाही. केंद्र वाघोलीला आलं असेल आणि घर कोथरूडला, तर आदल्या रविवारी त्याच वेळी एकदा जाऊन या. अर्ध्या बाह्यांचे साधे कपडे आणि पायात चपला; दागिने नाहीत. सोबत प्रवेशपत्र आणि त्यावर चिकटवलेला फोटो, मूळ ओळखपत्र, जादाचा एक फोटो, पारदर्शक बाटलीत पाणी. पेन तिथेच मिळतं. साडेअकराला हलकं जेवून निघावं. भरपेट आमरस-पुरी संध्याकाळी.

निकालानंतर

आता तीन रांगा एकाच वेळी सुरू होतात. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि सगळी अभिमत विद्यापीठं एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे. राज्याच्या सरकारी, पालिकेच्या आणि खासगी कॉलेजांच्या राज्य कोट्यातल्या जागा राज्य सीईटी कक्षाकडे. आयुषच्या अखिल भारतीय जागांची यंत्रणा वेगळी. महाराष्ट्रात बीपीटीएच या फिजिओथेरपीच्या पदवीलाही नीटच लागते.

पुण्याचं चित्र असं. ससूनचं बी. जे. सरकारी, मंगळवार पेठेतलं अटल बिहारी वाजपेयी कॉलेज महापालिकेचं, नऱ्ह्याचं काशीबाई नवले आणि तळेगावचं मायमर खासगी. भारती विद्यापीठ, पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील आणि लवळ्याचं सिम्बायोसिस अभिमत; शेवटचं फक्त मुलींसाठी. अभिमत कॉलेजला राज्य कोटा नसतो, आणि काही ठिकाणी शुल्क वर्षाला वीस लाखांच्या पुढे जातं. ‘पुण्यातच राहायचं’ या हट्टापायी तिथे नाव टाकण्याआधी पाच वर्षांचं शुल्क कागदावर लिहून बघा. एमसीसीच्या अभिमत नोंदणीला दोन लाख रुपये अनामत भरावी लागते, आणि नियम न वाचता दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा सोडली की ही अनामत जाते. खासगी कॉलेजातल्या संस्था कोट्याचं शुल्क राज्य कोट्याच्या कित्येक पट असतं. शुल्क सवलतीच्या योजना कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) झालेल्या प्रवेशालाच लागू होतात. त्यात २०२४-२५पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

वानवडीच्या एएफएमसीसाठी (सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय) नीट द्यावी लागतेच, शिवाय एमसीसीच्या संकेतस्थळावर तिची वेगळी निवड नोंदवावी लागते. ती राहून गेली तर कितीही गुण असोत, बोलावणं येत नाही. पुढे इंग्रजी आकलन व तर्कशक्तीची चाचणी, मुलाखत आणि लष्करी वैद्यकीय तपासणी. मुलींच्या जागा मोजक्या, त्यामुळे त्यांचा कटऑफ मुलांपेक्षा बराच वर असतो.

पसंतीक्रम भरताना ‘आपल्याला कुठे मिळेल’ असा विचार करून यादी लावू नका. ‘मिळालं तर कुठे जाऊ’ या क्रमानेच लावा. यंत्रणा वरून खाली बघते. वरच्या कॉलेजचं नाव टाकल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. गेल्या वर्षीच्या प्रत्येक फेरीची शेवटची क्रमांक यादी प्रवर्गानुसार काढून ठेवा, गुणांची नको. पेपर सोपा-अवघड झाला की गुण शंभरने हलतात, क्रमांक तेवढे हलत नाहीत. जिथे पाठवलं तर मूल जाणारच नाही, ते नाव यादीत ठेवू नका.

जागा मिळाल्यावर मूळ कागद कॉलेजकडे जमा होतात. त्याआधी प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन करून ठेवा. प्रवेश घेताना ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज पुढे येतो. तो भरला की ती जागा कायम आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. वरचं कॉलेज हवं असेल तर तो भरायचा नाही, नुसता प्रवेश घ्यायचा. सरकारी जागेसाठी शिक्षणानंतर एक वर्ष ग्रामीण सेवेचं बंधपत्र असतं, न केल्यास दहा लाख रुपये दंड. या कागदावर पालकांचीही सही लागते, तेव्हा प्रवेशाच्या दिवशी आई किंवा वडील ओळखपत्रासह सोबत असावेत.